गणपती न आलेल्या वर्षीची भिशी

बँका का बुडतात, या एका प्रश्नावर मी तारुण्यातली बरीच वर्षं घालवली. पुण्यात अर्थशास्त्र शिकून मी पीएच.डी.साठी ॲरिझोनात आले तेव्हा घरच्यांना वाटलं होतं, मुलगी एखाद्या बड्या बँकेत चिकटेल. मी चिकटले ती विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या तळघरात. तिथे मायक्रोफिल्मच्या यंत्रापुढे बसून १९३० च्या आसपासची लहान लहान गावांची वर्तमानपत्रं वाचायची आणि कुठली बँक कशामुळे बंद पडली ते शोधायचं, हे माझं काम. काही बँकांनी खरोखरच मूर्खपणा केलेला असे. जमिनीचे भाव चढत असताना वाटेल त्याला कर्ज दिलेलं, भाव उतरल्यावर हातात काही नाही. पण काही बँका चांगल्या धडधाकट असत, आणि तरीही जात. कोणीतरी कुठेतरी काहीतरी पाहिलेलं असे, त्याचा अर्थ लावलेला असे, आणि दुपारपर्यंत दारात रांग लागलेली असे. मला या दुसऱ्या जातीच्या बँकांमध्ये जास्त रस होता. माणसं इतकी वेंधळी कशी वागतात, असं मला त्या वेळी वाटायचं.

मी राहायला चँडलरमध्ये होते, एका मराठी कुटुंबात भाड्याने खोली घेऊन. त्यांना मी काका-काकू म्हणत असे, नातं काही नव्हतं. काका नागपूरचे, चिप बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. काकू डोंबिवलीच्या. त्या एम.कॉम. होत्या, पण काकांच्या व्हिसावर आलेल्या असल्यामुळे त्यांना तिथे नोकरी करायची परवानगी नव्हती. ग्रीन कार्ड येईल तेव्हा येईल, तोवर त्यांनी आपली सगळी हुशारी भिशीत ओतली होती.

भिशी म्हणजे आपल्याकडे असते तशीच. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी मराठी बायका काकूंच्या दिवाणखान्यात जमत. प्रत्येकीने ठरलेली रक्कम द्यायची, एका चिठ्ठीवर नाव निघायचं, आणि ती महिन्याची सगळी रक्कम घेऊन जायची. जिचा नंबर लागून गेला तिने पुढेही हप्ता देत राहायचं, जिचा लागायचा आहे तिने वाट पाहायची. कागद नाही, सही नाही. मध्ये काकू. कोणी चुकारपणा केला तर भरून देणार काकू. मग मिसळ किंवा पाणीपुरी, चहा आणि मुलांच्या शाळांवरून गप्पा. मी एकदा त्यांना म्हटलं, "काकू, तुमची ही अगदी बँक आहे." त्या म्हणाल्या, "बँक कसली गं, बँकेत एवढं खायला घालतात का?" पण होती ती बँकच. भिशीचे पैसे काकूंच्या कपाटात नव्हते. एकीच्या पैशांचा स्वयंपाकघरातला ग्रॅनाइटचा ओटा झाला होता, दुसरीचे इमिग्रेशनच्या वकिलाकडे गेले होते. सगळ्यांचे पैसे सगळ्यांकडे होते, आणि जोवर कोणी एकदम मागत नाही तोवर ते सुरक्षित होते.

२००८ च्या उन्हाळ्यात काकांची आई नागपूरहून आली. आजींचं आदल्या वर्षी बायपास झालं होतं. नागपुरात त्या धाकट्या मुलाजवळ राहत, औषधं, डॉक्टर, सगळं तोच बघायचा. इकडे त्या काही महिन्यांसाठी मोठ्याकडे आल्या होत्या. नोव्हेंबरचं परतीचं तिकीट होतं. त्या सकाळी देवपूजा करायच्या, मग माझ्या खोलीच्या दारात उभ्या राहून विचारायच्या, "आज कोणती बँक बुडून राहिली?" मला त्या आवडायच्या. धाकट्याचा दर रविवारी फोन यायचा आणि त्या त्याला इथल्या भाज्यांचे भाव रुपयांत सांगायच्या.

गणपतीला आठवडा उरला असताना काकांना पहाटे नागपूरहून फोन आला. मी विद्यापीठात जायला निघाले तर काका गॅरेजमध्ये, बंद गाडीत, स्टीअरिंगवर डोकं टेकून बसलेले. धाकटा भाऊ गेला होता. आंघोळीला गेला तो तिथेच कोसळला, वयाची चाळिशीसुद्धा उलटली नव्हती. काकू मागे उभ्या होत्या. त्यांनी मला दाराबाहेर नेलं आणि म्हणाल्या, "आईंना सांगायचं नाहीये. डॉक्टर नको म्हणालेत, नागपूरचे सगळे नको म्हणतायत. तिकडे गेल्यावर सगळे मिळून सांगतील. तू पाहिलंस म्हणून तुला सांगतेय. दुसऱ्या कोणाला कळता कामा नये."

काका जाऊ शकले नाहीत. पासपोर्टवरचा व्हिसा संपलेला होता. गेले असते तर परत यायला मुंबईत नव्याने शिक्का घ्यावा लागला असता आणि तो कधी मिळेल याची खात्री नव्हती. शिवाय आईला काय सांगून जायचं? म्हणून ते काही दिवस रजा टाकून घरीच बसले. आजींना सांगितलं, कंपनीने सक्तीची सुट्टी दिली आहे.

आता प्रश्न गणपतीचा होता. काकूंकडे दीड दिवसाचा गणपती असे आणि त्याला सगळं मराठी चँडलर लोटत असे. आरतीला पेटी वाजवायला एक ताई यायच्या, भिशीतल्याच. मोदकांची तर महिनाभर आधीपासून चर्चा. पण घरात दहा दिवसांचं सुतक, गणपती बसवणार कसा? आणि भिशीच्या शनिवारी बायकांना घरी बोलवायचं तर सुतकात, न सांगता, आपल्या हातचं खायला कसं घालायचं? मी म्हटलं, गणपती रद्द करा आणि मैत्रिणींना खरं कारण सांगा. काकूंनी मला वेड्यात काढलं. "एकीला सांगितलं की सगळ्या भेटायला येतील. येऊन काय करतील? आईंचा हात धरून रडतील." ते खरं होतं. आपल्या लोकांना दुःखाला गेल्यावर गप्प बसता येत नाही.

मग काकूंनी ईमेल पाठवली. काही घरगुती कारणामुळे यंदाचा गणपती आणि या महिन्याची भिशी कॅन्सल करत आहोत, हप्ते चेकने पाठवावेत, क्षमस्व. आजींना सांगितलं की गणपतीची मूर्ती येताना फुटली, आणि दुसरी इथे मिळत नाही. आजी "बरं" म्हणाल्या. त्याच सुमाराला त्यांनी देवापुढे बसणंही सोडलं, गुडघे वाकत नाहीत म्हणाल्या. काकूंना हायसं वाटलं, कारण सुतकात दिवा लावू नका हे त्यांना कोणत्या तोंडाने सांगणार होतो? रविवारी फोन आला नाही तेव्हा धाकटा कामासाठी बाहेरगावी गेलाय असं सांगितलं. पुढच्या रविवारी त्यांनी एकदा विचारलं. नंतर विचारलं नाही. आम्हाला वाटलं, पटलं त्यांना.

बाहेर मात्र कोणालाच काही पटत नव्हतं. तो सप्टेंबर कसा होता ते ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. आमच्याच रस्त्यावर घराघरांपुढे विक्रीच्या पाट्या होत्या, आणि काही घरांपुढे पाटीसुद्धा नव्हती, नुसतं वाळलेलं गवत होतं. लोकांनी घर म्हणून घेतलेल्या वस्तूची किंमत कर्जापेक्षा खाली गेली होती. महिन्याच्या मध्यावर न्यूयॉर्कची एक जुनी जाणती पेढी एका रात्रीत बसली, आणि त्यानंतर आमच्यापैकी काहींची खाती असलेली एक बँक गुरुवारी एका नावाने बंद झाली नि शुक्रवारी दुसऱ्या नावाने उघडली. ठेवींना सरकारी विमा होता, कोणाचा पैसा गेला नाही. तरी किराणा दुकानात, मंदिरात, पार्किंगमध्ये सगळे हलक्या आवाजात बोलायला लागले होते. मी तळघरात वाचत होते ते आणि वर घडत होतं ते एकच होतं. माझे प्राध्यापक तर उघडउघड खुशीत होते. थोडीशी मीही होते, हे नाकारून काय उपयोग.

अशा हवेत काकांची गाडी भर दुपारी दारात उभी दिसत होती. काकूंनी गणपतीसाठी आणलेल्या कागदी प्लेट्स, दिव्यांच्या माळा, तुपाचे डबे हे सगळं घाऊक दुकानात परत करायला नेलं. तिथे वस्तू परत करता येते हे आपल्या लोकांना फार आवडतं, त्यात नवल काही नाही. पण भिशीतल्या दोघींनी काकूंना त्या परतीच्या रांगेत पाहिलं. झालं. नोकरी गेली, पैसे संपले, घरचा गणपतीसुद्धा परवडेना, आता गाशा गुंडाळून नागपूरला निघणार, अशी जोडणी लोकांनी करून टाकली. प्रत्येक तुकडा खरा होता. गाडी खरीच दारात होती, तूप खरंच परत केलं होतं.

पेटीवाल्या ताईंनी मला इंडियन स्टोअरमध्ये भेंडीच्या टोपल्यापाशी गाठलं. "तू त्यांच्याकडेच राहतेस ना? काकांचा जॉब वगैरे ठीक आहे ना?"

"ठीक आहे की."

"मग गणपती का कॅन्सल केला?"

"मला नाही माहीत," मी म्हटलं.

याहून वाईट उत्तर मला सापडलं नसतं. बँकेच्या दारावर 'बँक भक्कम आहे' अशी पाटी लावली की रांग आणखी वाढते, हे मी स्वतःच एका प्रकरणात लिहिलं होतं. पण खरं सांगायची मुभा नव्हती आणि चांगलं खोटं मला सुचलं नाही. ताई काही वाईट बाई नव्हत्या. त्यांच्या वडिलांचे निवृत्तीचे पैसे गावाकडच्या एका सहकारी बँकेत अडकले होते. पासबुकात दिसायचे, हातात येत नसत. वडील रोज सकाळी शर्ट-पँट घालून बँकेच्या पायरीवर जाऊन बसायचे, असं त्यांनी मला तिथेच, भेंडी निवडता निवडता सांगितलं. "मला ना यार, तेव्हापासून भीतीच बसलीये. ज्याने आधी मागितले त्याला मिळाले. बाबा म्हणत राहिले, बरं दिसत नाही, ओळखीचे लोक आहेत." त्यांचा भिशीचा नंबर अजून लागलेला नव्हता. घराचे हप्ते थकले होते आणि त्यांनी त्या रकमेवर भिस्त ठेवली होती.

त्यानंतर ज्यांचे नंबर लागून गेले होते त्यांचे हप्ते यायचे थांबले. कोणी नाही म्हटलं नाही. कोणी चेकबुक संपलंय म्हणाली, कोणी पुढच्या वेळी एकदम देते म्हणाली. भिशी बुडणारच असेल तर बुडत्या भिशीत पैसे कशाला टाकायचे, हा साधा हिशोब. आणि ज्यांचा नंबर लागायचा होता त्यांचे फोन वाढले. भिशी यानेच बुडणार होती, दुसरं काही कारण नव्हतं.

एका रविवारी दुपारी भिशीतल्या सगळ्या एकदम आल्या. सहजच आलो, असं म्हणत आल्या, आणि पेढ्यांचा एक पुडाही आणला होता. आजी आतल्या खोलीत आडव्या झाल्या होत्या. काका मागच्या अंगणात पाण्याचा पाइप घेऊन उभे होते. सुतक तेव्हा संपून गेलेलं होतं, त्यामुळे काकूंनी सगळ्यांना चहा केला. मी कप नेऊन दिले आणि तिथेच भिंतीला टेकून उभी राहिले, कारण इतकी जवळून बँकेची रांग मी आजवर पाहिली नव्हती.

बराच वेळ उन्हाळ्यावर बोलणं झालं. मग पेटीवाल्या ताई म्हणाल्या, "वहिनी, प्लीज गैरसमज करून घेऊ नका. सध्या सगळ्यांचंच टाइट आहे. तुमचं काही वेगळं ठरलं असेल तर आम्हाला सांगा ना. आमचा नंबर नाही लागला अजून. आम्ही भरले तेवढे परत मिळाले तरी चालेल."

"वेगळं काही ठरलं नाही," काकू म्हणाल्या.

"मग गणपती का नाही आणलात? दरवर्षी आणता."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं, मग आतल्या खोलीच्या दाराकडे. "देते," त्या म्हणाल्या. "सगळ्यांचे सगळे परत देते. यांच्या रिटायरमेंटच्या अकाउंटमधून काढायला सांगते. थोडे दिवस द्या." ते खातं शेअर बाजाराबरोबर एव्हाना निम्म्यावर आलं होतं आणि आत्ता, निवृत्तीआधी काढलं असतं तर त्यातूनही दंड कापला गेला असता. हे तिथल्या प्रत्येकीला माहीत होतं, कारण प्रत्येकीच्या घरी तेच चालू होतं. ज्या पैसे घेऊन बसल्या होत्या त्या कपाकडे बघत होत्या. मला तेव्हा राग आला. भिशीत एक घास कमी पडला तरी काकूंना चुटपुट लागायची, आणि त्यांनाच या बायका लबाड ठरवत होत्या. एक वाक्य बोललं की सगळं थांबणार होतं. ते वाक्य माझ्या तोंडात आलं होतं आणि मी ते गिळलं, कारण ते माझं नव्हतं.

तेवढ्यात आतलं दार उघडलं. आजी भिंतीला धरत धरत बाहेर आल्या आणि उभ्याच राहिल्या. कोणीतरी उठून खुर्ची पुढे केली. त्या बसल्या नाहीत.

"सुतक होतं आमच्या घरी," त्या म्हणाल्या. "म्हणून गणपती नाही आणला. माझा लहाना मुलगा गेला."

काकू उभ्या राहिल्या. "आई..."

"तू बस. तुला काहून बोल लावून राहिल्या ह्या? तुझ्याजवळ पैसे नाहीत असं समजून राहिल्या." मग त्या बायकांकडे वळल्या. आवाजात राग नव्हता, खरोखर विचारल्यासारखं विचारलं. "तुम्ही सगळ्या आपल्याकडच्याच ना, बाई? कोणाच्या घरी गणपती आला नाही, तर आपण पहिले काय विचारतो? घरातलं कोणी गेलं का, हेच विचारतो ना? तुम्ही कोणीच कसं नाही विचारलं?"

पेटीवाल्या ताईंनी डोळ्यांना पदर लावावा तसा दुपट्टा लावला. मला खरं कारण माहीत होतं, म्हणून तो प्रश्न मला लागू नव्हता असं मी स्वतःला सांगून पाहिलं. पण तिथे जमलेल्यांपैकी एखादीला तरी ते सहज सुचेल असं मलाही एवढ्या दिवसांत वाटलं नव्हतं. गणपती आला नाही म्हणजे पैसे संपले, हा अर्थ मीसुद्धा अगदी बरोबर, शास्त्रशुद्ध अफवा म्हणून मान्य करून टाकला होता.

भिशी बुडाली नाही. त्याच आठवड्यात थकलेले हप्ते आले, काहींनी तर दारातल्या पायपुसण्याखाली पाकिटं सरकवली. पेटीवाल्या ताईंना चिठ्ठी न टाकताच पुढचा नंबर दिला, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं. माझ्या प्रबंधात मी पुढे लिहिलं की खरी माहिती उघड झाली की धडधाकट संस्थेवरची रांग ओसरते. ते बरोबरच आहे. ती माहिती कोणाला कितीला पडते, याबद्दल त्या विषयाच्या पुस्तकांत काही नसतं, म्हणून मीही काही लिहिलं नाही.

त्या दुपारी बायका गेल्यावर काका अंगणातून आत आले होते, पायांना चिखल तसाच. आजी आता खुर्चीवर बसल्या होत्या. काका त्यांच्या समोर जमिनीवर बसले.

"गणपती आला नाही तेव्हाच समजलं होतं मला," आजी म्हणाल्या. "मूर्ती फुटली म्हणे. आणि रविवारी फोन कोणाचा येत नाही, हे काय समजत नाही होय? तुम्ही दोघं इतकं जपून राहिले होते मला, म्हटलं, जपू द्यावं. पण दिवस नाही समजला. दिवस न समजता मी सुतक कुठून धरू आणि कधी सोडू? धरूनच बसली आहे. कोणत्या दिवशी गेला?"

काकूंनी सांगितलं, "गणपतीच्या आदल्या आठवड्यातल्या मंगळवारी. सकाळी, आंघोळीला गेले तेव्हा."

"तिकडची सकाळ म्हणजे इकडे सोमवारची संध्याकाळ." आजी मनाशी काहीतरी जुळवत राहिल्या. "त्या सोमवारी तू मला आइस्क्रीम खायला घेऊन गेला होता ना रे?"

"हो, आई," काका म्हणाले.